वाटेवरच्या खुणा : दापोडी ते खोपोली

जुना मुंबई-पुणे रस्ता आपल्या कितीतरी वाचकांच्या पायाखालचा आहे. कोणाचे घर दापोडीला आहे, कोणाची बहीण देहूरोडला दिली आहे, कोणाचे सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, तर कोणाचा मुलगा चाकण-तळेगावच्या नव्या कंपन्यांत कंत्राटावर लागला आहे. या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणत, आता त्याचा क्रमांक ४८ आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि घाईची वाहने तिकडे वळली. पण जुना रस्ता बंद पडलेला नाही. गावे त्याच्याच काठाला आहेत, लोकलची स्टेशने त्याच्याच जवळ आहेत आणि आपला इतिहासही त्याच्याच दोन्ही अंगांना पडलेला आहे.

पडलेला आहे असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण तो कोणी उचलून घेतलेला नाही. लोणावळ्याला सहलीला जाणाऱ्या मुलांना चिक्कीची दुकाने पाठ असतात. पण वाटेत घोरावडी स्टेशनजवळच्या डोंगरात एका शेतकऱ्याच्या बायकोने दोन हजार वर्षांपूर्वी कोरून दिलेले लेणे आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून या वेळी आम्ही वाचकांना बरोबर घेऊन दापोडीहून खोपोलीपर्यंत जाणार आहोत. अंतर साठ-सत्तर किलोमीटरचे आहे, पण त्यात बावीसशे वर्षे मावतात.

कारखान्यांचा पट्टा

पुण्याहून निघाले की खडकी आणि दापोडी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. गावगाड्यात ज्यांना जमीन नव्हती, ज्यांच्या वाट्याला येसकरकी आणि बलुत्याची भाकर होती, अशा आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळांनी पहिला रोख पगार पाहिला तो अशा ठिकाणी : दारूगोळ्याच्या कारखान्यात, रेल्वेत, गोदीत, लष्कराच्या छावणीत. तिथेही भेदभाव नव्हता असे नाही. पण महिन्याच्या महिन्याला हातात पैसा येई आणि तो पाटलाच्या ओट्यासमोर हात पसरून मागावा लागत नसे. त्या पैशातून पोराची पाटी-पेन्सिल आली. त्याच पैशातून चळवळीची वर्गणी गेली. आंबेडकरी चळवळ शहरांत आणि कारखान्यांभोवती का वाढली, याचे एक साधे उत्तर या पगाराच्या पाकिटात आहे.

पुढे पिंपरी. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासितांची छावणी बसली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि देशात सरकारी मालकीच्या कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, मोटारीचे आणि स्कूटरचे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली.

या वाढीत आपली माणसे कुठून आली? १९७२ चा दुष्काळ आठवा. मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांत विहिरी तळाला गेल्या. सरकारने दुष्काळी कामे काढली : पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते. बायका उन्हात बसून हातोडीने खडी फोडत. घमेल्याने मुरूम टाकत. मुकादम संध्याकाळी मोजमाप घेई आणि खडीचा ढीग टेपात बसला नाही तर मजुरी कापली जाई. सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांतले कितीतरी जण पुढे दोन गोधड्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन या महामार्गाच्या कडेला आले. आधी बिगारी झाले, मग हेल्पर झाले. नशिबाने आणि संघटनेच्या जोरावर काही जण कायम झाले. आज त्यांच्या नातवंडांच्या हातात संगणक आहे. हा प्रवास एका पुस्तकाएवढा आहे, पण त्याचे एक पानही बहुतेक घरांत लिहिलेले सापडत नाही.

देहूरोड : २५ डिसेंबर १९५४

पुढचा मुक्काम देहूरोड. लष्करी डेपो आणि छावणीभोवती वसलेली ही कष्टकऱ्यांची वस्ती. इथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या हस्ते तथागताच्या मूर्तीची स्थापना झाली. मूर्ती ब्रह्मदेशातील रंगूनहून आणलेली होती. त्याच महिन्यात बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेस हजर होते. प्रकृती साथ देत नव्हती, पाय दुखत होते, चालण्यास आधार लागत होता. तरीही ते या छोट्या वस्तीत आले.

ही तारीख नीट लक्षात घ्या. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. बरोबर सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला देहूरोडला बुद्धमूर्ती बसली. एक दिवस नाकारण्याचा आणि दुसरा स्वीकारण्याचा. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे देहूरोडनंतर बावीस महिन्यांच्या आतली. दीक्षाभूमीचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, ते असायलाच हवे. पण दीक्षेच्या आधीच कामगारांच्या एका वस्तीने बुद्धाला आपल्यात बसवून घेतले होते, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी.

देहूरोडच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, सामान्य माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत बौद्ध धम्म सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत. तो ग्रंथ म्हणजे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. तो प्रसिद्ध झाला १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. विद्वानांच्या सभेत नव्हे, तर डेपोत ओझी वाहणाऱ्या, वर्कशॉपमध्ये घाम गाळणाऱ्या माणसांपुढे त्यांनी या ग्रंथाची वार्ता दिली. तो कोणासाठी लिहिला जात होता, हे यावरून कळते.

दरवर्षी २५ डिसेंबरला इथे लोक लोटतात. पांढरी वस्त्रे, निळे झेंडे, पुस्तकांची दुकाने, जेवणाच्या पंगती. आमची एकच सूचना आहे. त्या गर्दीत एखाद्या खुर्चीवर किंवा जमिनीवर बसलेली नव्वदीच्या घरातली आजी दिसली तर तिच्याजवळ पाच मिनिटे बसा. १९५४ साली ती पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असेल. तिने कदाचित बाबासाहेबांना पाहिले असेल. त्या दिवशी पाहिलेले सांगू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. उद्या नसतील.

नांगरधाऱ्याच्या बायकोचे दान

देहूरोड सोडून तळेगावकडे निघाले की उजव्या-डाव्या हाताला डोंगर जवळ येऊ लागतात. त्यांपैकी एका डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. लोक त्यांना घोराडेश्वर म्हणून ओळखतात. मुळात ही बौद्ध लेणी. पुढे केव्हातरी तिथे शिवलिंग आले आणि आज महाशिवरात्रीला यात्रा भरते. कोणाच्या श्रद्धेशी भांडण काढण्याचे आम्हाला कारण नाही. पण भिंतीवर काय लिहिले आहे ते वाचण्याचा हक्क सर्वांना आहे.

तिथल्या एका शिलालेखात ब्राह्मी अक्षरांत दान नोंदले आहे. धेनुकाकट या गावी राहणारा उसभणक नावाचा कुटुंबिक, म्हणजे शेती करणारा गृहस्थ. त्याला ‘हलकिय’ म्हटले आहे. हल म्हणजे नांगर, म्हणून अभ्यासकांनी त्याचा अर्थ नांगर चालविणारा असा लावला. त्याची पत्नी सियगुतणिका. तिने आपल्या नंद नावाच्या मुलासह हे लेणे धम्माला दिले. लेखात दानासाठी शब्द आहे ‘देयधम्म’.

या तीन-चार ओळींत काय काय आहे ते पाहा. दान देणारी स्त्री आहे. ती राणी नाही, सावकाराची बायको नाही, नांगराशी नाते असलेल्या घरातली आहे. तिचे स्वतःचे नाव दगडात कोरले आहे. ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर लेख थांबलेला नाही. आमच्या अनेक आज्यांची नावे रेशनकार्डावरसुद्धा धड लागली नाहीत, आणि सियगुतणिकेचे नाव दोन हजार वर्षे टिकले! धम्माने बाईला काय दिले, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला घोरावडी स्टेशनवर उतरवून डोंगर चढायला लावावे.

तळेगावला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना होता. याच तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे. मुंबई-दिल्लीच्या धकाधकीतून त्यांना इथली मोकळी हवा हवीशी वाटली. आज ते स्मारक आहे. देहूरोडला जाणाऱ्यांनी तिथून तळेगावलाही जाऊन यावे. लोकलने तिसऱ्या स्टेशनाचा प्रश्न आहे.

वडगाव मावळला १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणले. ती हकिकत शाळेच्या पुस्तकात आहे, म्हणून तिथे रेंगाळत नाही.

मामाल म्हणजे मावळ

कामशेत, मळवली या भागाला आपण मावळ म्हणतो. हे नाव शिवकाळातले आहे असे बहुतेकांना वाटते. पण कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात ‘मामालाहार’ असा उल्लेख आहे. आहार म्हणजे प्रशासनाचा विभाग, आजच्या तालुक्या-जिल्ह्यासारखा. मामालचे मावळ झाले. म्हणजे ज्या तालुक्याचे नाव आपण सातबाऱ्यावर लिहितो, ते दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंच्या लेण्यात लिहिलेले आहे.

ही लेणी इथेच का कोरली? उत्तर रस्त्यातच आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर येई आणि पुढे पैठण, तेरपर्यंत जाई. घाटाखाली कर्जतजवळ कोंडाणे, घाटावर भाजे, कार्ले, बेडसे आणि शेलारवाडी अशी लेण्यांची रांग या वाटेवर आहे. वाटसरूला विसावा, पाणी, पावसाळ्यात भिक्षूंना वर्षावास आणि तांडेवाल्यांना धम्माचे चार शब्द. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हा भाग पायी तुडवला आणि व्यापारी वाटा व लेणी यांचा संबंध उलगडून दाखवला. ते धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव. धर्मानंदांनी मराठी वाचकाला बुद्धचरित्र दिले आणि मुलाने बुद्धाच्या वाटा दाखविल्या.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथे २२ लेणी आहेत आणि एका ठिकाणी लहान-मोठ्या १४ स्तूपांचा समूह आहे. ते त्या ठिकाणी राहून गेलेल्या स्थविरांच्या स्मरणार्थ आहेत. काहींवर नावेही आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. एका अर्थाने ही त्या विहाराची आठवणवही आहे, दगडात ठेवलेली.

कार्ल्याचे चैत्यगृह देशातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. आत सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आणि स्तूपामागे सात. वर पाहिले की छताला लाकडी कमानी दिसतात. ते लाकूड मूळचे आहे. दोन हजार पावसाळे गेले तरी ते तिथेच आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने आपल्या लेखात या लेण्याला जंबुद्वीपातील उत्तम असे म्हटले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख आहे.

पण राजे आणि श्रेष्ठी बाजूला ठेवून दाराकडे या. दाराशी धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचे नाव आहे. हे दार त्याने घडविले. दुसऱ्या एका लेखात सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताचे नाव आहे. खांबांवर यवन म्हणून स्वतःची ओळख सांगणाऱ्या परदेशी वंशाच्या माणसांची नावे आहेत. भिक्षुणींची दानेही आहेत. एकट्या राजाने बांधून घेतलेली ही वास्तू नव्हे. इथे एकाने खांब दिला, दुसऱ्याने दार दिले, तिसऱ्याने कठडा दिला. आपल्या वस्तीतले विहार असेच उभे राहतात : कोणी सिमेंटच्या चार गोण्या देतो, कोणी पंखा देतो, कोणी एक रविवार पाट्या उचलतो. भिंतीवर देणगीदारांची नावे लिहितो तेव्हा आपण कार्ल्याचीच रीत चालवतो.

तरीही आजूबाजूला विचारले तर उत्तर येते, ‘पांडवांनी एका रात्रीत कोरली.’ सुताराचे नाव दगडावर असताना त्याचे काम पांडवांच्या नावावर जाते! अक्षर न वाचल्याचा हा परिणाम. चैत्यगृहाच्या समोरच एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि आगरी-कोळी बांधव श्रद्धेने तिथे येतात. तेही आपल्यासारखेच कष्टकरी आहेत. त्यांच्याशी आदराने बोला आणि संधी मिळाली तर सामि सुताराची गोष्ट त्यांनाही सांगा. ती त्यांनाही आवडेल.

घाट कोणी फोडला?

खंडाळ्यानंतर बोरघाट. इथे आम्हाला थोडे थांबावे लागेल.

गाडीरस्ता म्हणून हा घाट १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला. त्याची आठवण सांगणारा दगडी पूल घाटात होता. त्यावर पुढे औषधी मलमाची जाहिरात लागली आणि तो ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात रस्ता रिकामा असताना तो स्फोट करून पाडला. १९० वर्षांचा पूल काही क्षणांत गेला.

त्यानंतर रेल्वे. १८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली होती आणि खाली खोपोलीपर्यंतही रूळ आले होते. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी ओलांडावा लागे. साहेब पालखीत बसे, पण पालखी चालत नसते. ती माणसाच्या खांद्यावर असते.

घाटातल्या लोहमार्गाचे काम १८५६ ला सुरू होऊन १८६३ ला पूर्ण झाले. साधारण सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ आणि २५ बोगदे. काम ऐन भरात असताना सुमारे ४२ हजार मजूर डोंगरावर होते. माणसे दोराने कड्यावर लोंबकळत पहारीने भोके पाडीत, सुरुंग भरीत. कॉलरा आणि ताप यांनी तळच्या तळ रिकामे होत. एकूण किती माणसे गेली याची नोंद कोणी ठेवली नाही. इतिहासकारांनी केलेला अंदाज चोवीस-पंचवीस हजारांचा आहे. १८५९ साली मजुरी थकल्यावरून मजुरांचा उद्रेक झाला. त्यानंतर कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाकडे गेले. तो आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुरे करून घेतले. तिच्या धडाडीबद्दल आम्हाला आदरच आहे. पण कंत्राटदाराचे नाव आहे, त्याच्या पत्नीचे नाव आहे, गव्हर्नराचे नाव आहे. बेचाळीस हजारांपैकी एकाचे नाव घाटातल्या कोणत्या दगडावर आहे?

लोकांनी आपल्या परीने एक नाव जपले आहे. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी की, साहेबांना घाटातून मार्ग सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांची वाट दाखविली. साहेबाने बक्षीस विचारले तर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याबद्दल त्याला गोळी घातली गेली. ही कथा कागदपत्रांवर तपासता येत नाही. पण ट्रकड्रायव्हर आजही तिथे गाडी हळू करतात, नाणे टाकतात. डोंगराची वाट डोंगरातल्या माणसाला ठाऊक होती, नकाशावाल्याला नव्हती, हे या कथेतले सत्य आहे.

वाट दाखविणे हे आपल्या पूर्वजांच्या माथी मारलेले कामच होते. महार वतनातल्या कामांची यादी आठवा : वेशीवर जागायचे, सरकारी सारा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे, आणि आलेल्या अंमलदाराला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवीत, त्याचे ओझे वाहत जायचे. रात्र असो, पाऊस असो, घरात बाळंतीण असो, बोलावणे आले की निघायचे. बदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते या वेठीतून सोडवण्यासाठी. वतन प्रत्यक्षात संपवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. ज्या रस्त्यावर आपला आजा साहेबाच्या घोड्यापुढे मशाल घेऊन पळत होता, त्याच रस्त्यावर आज नात स्कूटीवर कॉलेजला जाते. मधे जे घडले त्याला आम्ही क्रांती म्हणतो.

घाट उतरला की खोपोली. लोणावळा, वळवण, शिरवते या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून १९१५ पासून इथे वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. त्या गिरण्यांत आपलीच माणसे राबत. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला ठाऊकही नसेल की, त्याचे यंत्र मावळच्या पावसावर फिरते आहे. याच मावळच्या पाण्यासाठी पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि तीन जण मारले गेले. त्यांत एक स्त्री होती. रस्ता म्हणजे नुसते डांबर नव्हे. कोणाची जमीन, कोणाचे पाणी, कोणाचा घाम त्याच्याखाली आहे, हे विचारत राहिले पाहिजे.

आता काम आपले

वाचकहो, या प्रवासातून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. दोन हजार वर्षांपूर्वी धम्माच्या छायेत सुताराचे नाव दारावर कोरले गेले आणि नांगरधाऱ्याच्या बायकोचे नाव लेण्यात लिहिले गेले. नंतरच्या काळात आपली नावे पुसली गेली. घाट फोडणाऱ्यांची, खडी फोडणाऱ्यांची, पायाला गोणपाट गुंडाळून उकळते डांबर ओतणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. आता सरकार लिहील, संशोधक लिहील अशी वाट पाहत बसलो तर ती कधीच लिहिली जाणार नाहीत. लिहिता-वाचता येणारी मुलगी आज प्रत्येक घरात आहे. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले ते यासाठीही.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने चार कामे करावीत.

पहिले, शंभर पानी वही घ्या. तिच्यावर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाचे पूर्ण नाव लिहा. आजीचे असेल तर तिचे माहेरचे नावही लिहा. मग विचारा : गाव कोणते, शहरात कोणत्या साली आलात, पहिले काम कोणते, रोज किती मिळे, मुकादम कसा वागवी, दीक्षा कुठे घेतली, घरातले देव कोणी आणि कसे विसर्जन केले. ती जशी बोलेल तसेच लिहा. तिची भाषा सुधारू नका. मोबाईलवर आवाज घेतला तरी उत्तम, पण वहीत उतरवून ठेवा. मोबाईल बदलतो, वही राहते.

दुसरे, पत्र्याची पेटी उघडा. कारखान्याचा बिल्ला, हजेरीचे कार्ड, फंडाची चिठ्ठी, युनियनची पावती, १९५६ चे एखादे पत्रक, पिवळा पडलेला फोटो, यांतले काहीही रद्दीत देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. आज ज्याला सगळे ओळखतात, त्याला वीस वर्षांनी कोणी ओळखणार नाही.

तिसरे, एक रविवार काढा. पुण्याहून लोणावळा लोकलने घोरावडी किंवा मळवलीला उतरा. भाकरी-पिठले बरोबर घ्या, पाणी भरपूर घ्या. लेण्यांत मोठ्याने ओरडू नका, मेणबत्ती-अगरबत्ती भिंतीला लावू नका, आणि आपली किंवा कोणाचीच नावे खडूने-खिळ्याने लिहू नका. त्या दगडाला जी नावे सांभाळायची होती ती तो सांभाळतो आहे. मुलांना ब्राह्मीची पाच अक्षरे आधी घरी शिकवा : अ, क, ध, म, स. भिंतीवर ‘धम’ ओळखल्यावर पोराच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही वॉटरपार्कमध्ये उमटत नाही.

चौथे, विहारात दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर एका घराची वही वाचा. दहा मिनिटे पुरेत. आज एका घराची, पुढच्या पौर्णिमेला दुसऱ्या. वर्षात बारा घरांचा इतिहास होईल. पाच वर्षांत साठ. मग वस्तीचा इतिहास म्हणून तो छापायला किती वेळ लागतो?

सुनांना आम्ही विशेष सांगतो. सासूबाई दुपारी तांदूळ निवडता निवडता जे पुटपुटतात, ते ऐकायला घरात तुमच्याशिवाय कोणी नसते. तुमच्याच हातून हे काम होईल. सियगुतणिकेने मुलाला बरोबर घेऊन लेणे दिले. तुम्ही मुलाला बरोबर घेऊन वही लिहा. ते लेणेही देयधम्म होते, ही वहीही देयधम्मच आहे.

या रस्त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. कोणी घाईत, कोणी झोपेत. आपली मुले तरी डोळे उघडे ठेवून जावोत. वळणावर दगड दिसला की हा कोणी फोडला असेल, असे त्यांनी विचारावे. आणि घरी आल्यावर वहीत त्याचे उत्तर त्यांना सापडावे.

जयभीम! नमो बुद्धाय!